आत राहिलेले पक्षी

“रिकामं!” असं मावशी ओरडली, की मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात एकदम सुटायचे आणि जाळीची शेवटची कड सरसर खाली यायची. बावीस वर्षांत त्या एका शब्दावर कुणी उलटून “नक्की ना?” असं विचारलं नव्हतं.

काम असं होतं. द्राक्षाच्या मण्यात गोडी उतरायला लागली, की साळुंक्यांना आणि बुलबुलांना ती माणसांच्या आधी कळते. एका पक्ष्यानं बसून एक घड संपवला तर कुणी काही म्हणणार नाही. पण तो या घडातले चार मणी फोडतो, त्या घडातले दोन फोडतो आणि पुढे जातो. फुटलेल्या मण्यातून रस गळतो, रसावर गांधीलमाश्या येतात, मग बुरशी चढते आणि चार दिवसांत घडच्या घड हातात घेववत नाही. म्हणून गोडी भरायच्या आत सगळ्या मांडवावर जाळी ताणायची आणि चारी बाजूंनी ती जमिनीपर्यंत सोडायची. तीन बाजू आधी बंद करायच्या. चौथी उघडी ठेवायची. मग एकानं हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन प्रत्येक ओळीतून, वेलांखालून वाकून चालत यायचं, पानांत दडून बसलेला एकेक पक्षी उघड्या बाजूनं बाहेर काढायचा आणि शेवटी हाक द्यायची. जो ओळी चालेल त्यानंच हाक द्यायची, असा टोळीचा नियम.

मावशीला हे काम सासऱ्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, “सूनबाई, बाहेरचा पक्षी भीत भीत खातो. आत कोंडला गेला, की जावयासारखा मांडी घालून खातो.” सासरे गेले, डबा सुनेकडे आला. टोळीत चौघं होती. मावशी ओळी चालायची. तिची धाकटी जाऊ जाळ्यांचे जोड शिवायची. मावशीचा नवरा जाळ्या टेम्पोतून आणायचा, छतावर चढवायचा आणि उरलेला सगळा वेळ हॉर्न वाजवून घाई करायचा. आणि गाठोबा.

गाठोबा जाळीची खालची कड बांधायचा. कडेला दोरी ओवायची, खांबाला गाठ मारायची, मध्ये वाळूच्या पिशव्या दाबून ठेवायच्या. गाठ मारून झाली, की तो ती ओढून बघायचा, चार पावलं जायचा, परत यायचा, पुन्हा ओढून बघायचा. धाकटी म्हणायची, “गाठोबा, तुमच्या लग्नाची गाठ तुम्हीच मारली होती का हो? चाळीस वर्षं हललेली नाही.” वयानं तो मावशीपेक्षा चार वर्षांनी मोठा, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून तोही मावशीच म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी गाडीतून उतरतानाच ठिणगी पडली.

“ताई, आज ओळी मी चालते,” धाकटी म्हणाली.

“का गं? मला काय धाड भरलीय?”

“तसं नाही. काल उतरताना तुम्ही माझा खांदा असा धरलात, की अजून वळ आहे.”

“तुझाच खांदा मध्ये आला.”

“हो ना, माझे खांदे मेले फार पुढे पुढे करतात!”

गाठोबा हसला. मावशीला ते हसू झोंबलं. “धाकटे, मी अजून मेलेले नाही. मेल्यावर चाल ओळी. डबा तुझ्या नावानं ठेवून जाईन.”

“अहो, गुडघ्यांचं म्हणत होते मी.”

“गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघीन.”

बाग ज्यांची, त्यांना सगळे दादा म्हणायचे. महिन्यापूर्वी दादा शिडीवरून पडले आणि डाव्या पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर लागलं. तेव्हापासून ते खिडकीशी खाट ओढून बसलेले असायचे, पाय उशीवर, नजर बाहेर. खिडकीतून बागेचं एक टोक तेवढं दिसायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषधं आणि चिडचिड यांतून मान वर काढत नव्हत्या. बागेला पाणी नळ्यांनी ठिबकायचं आणि त्याची कळ घरामागे होती, त्यामुळे मांडवात जायची गरजही नव्हती. आता सगळी भिस्त जाळीवर.

“मावशी!” दादा खिडकीतून ओरडले. “एक मणी फुटला तर तुझा एक दात पाडीन!”

“पाडा की, दादा! किडलेला आधी पाडा, डॉक्टर लांब आहे!”

दुपारपर्यंत छत ताणून झालं, तीन बाजू बंद झाल्या. मावशी डबा घेऊन आत शिरली.

दादांचा मांडव जुना आणि बुटका. इतर बागांत मान वाकवून चालता यायचं, इथे कंबरेतून काटकोन करावा लागायचा. एकूण अकरा ओळी. पहिल्या ओळीत ती जोरात गेली. ठण्, ठण्, ठण्. पुढून पाच-सहा साळुंक्या कलकलत बाहेर पडल्या. दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीच्या शेवटी उजवा गुडघा असा काही आतून वळला, की तिनं वेल धरला. पाचव्या ओळीच्या तोंडाशी फळं काढायचं एक रिकामं क्रेट उपडं पडलेलं होतं. त्यावर ती बसली. घटकाभर, असं स्वतःला म्हणत.

उठायला गेली, तर गुडघा नाही म्हणाला.

बाहेरून धाकटीचा आवाज आला, “ताई, येऊ का?”

“काय करायला? पूजा करायला माझी? शिव तू गप!”

मग मावशीनं जे केलं, ते तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. बसल्या जागेवरून तिनं डबा वाजवायला सुरुवात केली. आधी जोरात. मग हळूहळू बारीक, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं, बाई पार टोकाला चाललीय. मग पुन्हा वाढवत वाढवत मोठा, म्हणजे आली परत. एक ओळ झाली. घसा खाकरला. दुसरी ओळ. तिसरी. आवाजानं दहा-पंधरा पक्षी उडून खरोखरच बाहेर गेले. तिला हायसं वाटलं. बघ, निघतायत की. बसूनही निघतात.

सात ओळी तिनं अशा क्रेटवर बसून चालल्या.

शेवटी डबा थांबवला आणि वेलाला धरून उभी राहिली. तेवढ्यात पलीकडून, आठव्या-नवव्या ओळीच्या गर्द पानांतून, काहीतरी फडफडलं. आणि एक बारीक, पोटातल्या पोटात केल्यासारखा आवाज आला. चुर्र. बस, एवढाच.

मावशी थांबली. बाहेर नवऱ्यानं हॉर्न दाबला. एकदा. दोनदा.

बाहेरचा असेल, ती स्वतःला म्हणाली. जाळीच्या बाहेरचा.

ती सरळ तोंडाशी आली, पाठ ताठ केली आणि पोटातून ओरडली, “रिकामं!”

कड खाली आली. गाठोबानं गाठी मारल्या, ओढून बघितल्या, परत येऊन ओढून बघितल्या.

पुढचे दोन दिवस टोळी दुसऱ्या बागेवर होती. तिसऱ्या दिवशी टेम्पो दादांच्या बागेवरून गेला. मावशी पुढे, नवऱ्याशेजारी बसलेली. पांढरी जाळी उन्हात चकाकत होती. मांडवाच्या मधोमध, जाळीच्या खाली, एक काळा ठिपका या पानावरून त्या पानावर गेला. मग अजून दोन.

“थांबवू का?” नवऱ्यानं विचारलं. “दादांना भेटायचंय?”

आता उतरायचं, कड सोडायची, ओळी चालायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. आणि सगळ्यांसमोर सांगायचं काय?

“कशाला थांबवताय?” ती म्हणाली. “उशीर झालाय. आणि तो हॉर्न कमी वाजवा जरा. डोकं उठलंय माझं.”

“मी तर वाजवलाच नाही.”

“मग वाजवाल. मला माहितीये.”

नवव्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज असा होता, की मावशीला पुढचं ऐकावंच लागलं नाही.

टोळी पोचली तेव्हा वहिनी मांडवाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. घड कितपत भरले ते बघून यायला दादांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांनी कड उचलली होती आणि तशीच हातात धरून ठेवली होती, जणू ती सोडली तर आतलं अजून बिघडेल. आतून आंबूस वास येत होता. माश्यांचा एकसारखा घूं आवाज. पहिल्या चार ओळींतही फुटलेले घड होते. मधल्या ओळींत न फुटलेला घड शोधावा लागत होता. मणी सुरकुतलेले, करडी बुरशी चढलेले, खाली जमीन चिकट. आणि पक्षी! चाळीस तरी असतील, तुकतुकीत, जडावलेले. उघडी कड दिसली तरी उडायची घाई नाही. पलीकडच्या टोकाला दोन बुलबुल जाळीत पाय अडकून मेलेले लोंबत होते.

धाकटीनं तोंडावर पदर धरला. नवऱ्यानं मांडवाला चक्कर मारली आणि मागच्या कोपऱ्यातून हाक मारली, “इकडे या! ही बघा!”

वाळूची एक पिशवी सरकली होती. कुत्र्यानं ओढली असेल, नाहीतर घुशीनं ढकलली असेल. जाळी आणि जमीन यांच्यात तळहाताएवढी फट.

“ही बाजू गाठोबाची ना?” नवरा म्हणाला.

गाठोबा खाली बसला. फटीत हात घालून बघितला. “माझीच.”

“अहो, एवढ्या फटीतून चाळीस पक्षी जातील?” वहिनी म्हणाल्या. “रांग लावून गेले का?”

सगळे मावशीकडे बघायला लागले. पक्ष्यांचं कळायचं ते तिलाच.

“जातात,” मावशी म्हणाली. “एकाला वाट सापडली, की मागून सगळे येतात.”

बोलताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तेच तिला नंतर सगळ्यांत जास्त लागलं.

दादांना सांगायला ती खिडकीशी गेली. त्यांनी वहिनींच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं.

“किती गेलं?”

“दादा…”

“किती, म्हणतोय.”

“बरंच. बहुतेक.”

दादा प्लॅस्टरवरचा एक कोपरा नखानं खरवडत राहिले. मग हसल्यासारखे झाले. “रोज पहाटे ओरडायचे गं. मी हिला म्हणायचो, ऐक, बाहेर बसून कशा शिव्या घालतायत. आणि मी त्यांना चिडवायचो. इथून, या खिडकीतून! बोंबला म्हटलं लेको, बोंबला, मिळायचं नाही तुम्हाला काही…” त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. “ते आत होते. आणि मी त्यांना चिडवत होतो.”

टेम्पोत परत येताना गाठोबा मागे जाळ्यांवर बसला होता. उजव्या हाताची बोटं तो डाव्या हातानं एकेक करून दाबून बघत होता.

“बोटं झोपतात जरा,” तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “पहाटे उठलं, की मुंग्या येतात. मला वाटायचं, अंगाखाली येत असतील.”

“गाठोबा, पिशवी कुत्र्यानं ओढली असेल,” धाकटी म्हणाली. हे म्हणताना ती मावशीकडे बघत होती.

“कुत्र्यानं ओढली तरी सरकायला नको ना? घट्ट दाबली असती तर सरकली नसती.”

मावशी पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिली. आत्ता म्हणावं, ती स्वतःशी म्हणाली. त्या वळणावर म्हणीन. वळण गेलं. मग पुलावर म्हणीन. पूल गेला. घर आलं.

दुसऱ्या दिवशी नव्या बागेवर गाठोबा एका गाठीपाशी तासभर बसला. मारायचा, सोडायचा, मारायचा, सोडायचा. दुपारी तो मावशीपाशी आला. टोपी काढून हातात धरली होती, जणू ती कुणी साहेबीण होती.

“मावशी, उद्यापासून मी येत नाही.”

“का हो?”

“का काय? माणसं विश्वासानं झोपतात. आपण गाठ मारून जायचं आणि गाठ म्हणजे नुसती दोरी गुंडाळलेली. दादांना तोंड दाखवायची सोय नाही राहिली.”

हीच वेळ होती. समोर एकटा गाठोबा. ऐकायला दुसरं कुणी नाही, धाकटीही लांब जोड शिवत होती. मावशीच्या जिभेवर शब्द आले आणि त्यांच्या जागी भलतेच बाहेर पडले. “दोन दिवस विश्रांती घ्या. मग बघू.”

“तू चांगली आहेस,” गाठोबा म्हणाला. “दुसरी असती तर चार शब्द सुनावले असते.”

त्या आठवड्यात रोज जेवताना नवरा म्हणायचा, “अगं, दादांचं नुकसान झालं, वाईट झालं. पण तू का सुतक धरून बसलीयेस? चूक गाठोबाची.” ती ताट सरकवून उठायची. आणि बागेत मात्र तिनं एक नवीनच सुरू केलं. ओळी ती दोनदा चालायला लागली. एकदा वाकून. मग गुडघा वळला, की चक्क रांगत. हातात डबा, पदर कमरेला खोचलेला, ढोपरं मातीनं माखलेली. हाक द्यायच्या आधी कितीतरी वेळ आत नुसती उभी राहायची, कान देऊन.

गाठोबाच्या जागी आता खालची कड धाकटीच बांधत होती. आठव्या दिवशी ती जाळीखालून वाकून आत आली आणि मावशीपुढे उकिडवी बसली. मावशी चार पायांवर होती.

“दोनदा कशाला?”

“खात्री केलेली बरी.”

“त्या दिवशी एकदाही नव्हती केलीत.”

मावशीच्या हातातला डबा जमिनीवर आपटला.

धाकटी हळूच म्हणाली, “ताई, मी वीस वर्षं तुमच्या डब्याच्या तालावर शिवते. तुम्ही एक ओळ चालून येईपर्यंत माझा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा जोड होतो. त्या दिवशी तुम्ही हाक दिलीत तेव्हा मी सातव्या खांबाशी होते. अकराव्याशी असायला हवी होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणासमोर बोलू? भावजींसमोर? की दादांसमोर तुम्हाला खोटं पाडू? आणि मला वाटलं, तुम्हीच बोलाल. त्या दिवशी वाटलं, टेम्पोत वाटलं, गाठोबा टोपी काढून उभे होते तेव्हा तर अगदी वाटलं.” तिनं डोळे पुसले. “आता तर मलाच लाज वाटतेय. दोघींनी मिळून त्या माणसाला घरी बसवलंय.”

“मी खाली बसून डबा वाजवला,” मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की तो तिचा आहे असं वाटेना. “क्रेटवर बसून. गुडघा चालेना. तू म्हणाली होतीस ना सकाळी… म्हणून तुला बोलावलं नाही.”

“काय हो ताई. त्या टोमण्यापायी?”

“त्या टोमण्यापायी.”

धाकटीनं तिला काखेत हात घालून उभं केलं. या खेपेस मावशीनं खांदा नाकारला नाही.

दादांच्या घरी मावशी एकटीच गेली. टेम्पोनं सोडायला आलेल्या नवऱ्याला वाटेतच सांगितलं. त्यानं टेम्पो रस्त्याकडेला घेतला, स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले आणि म्हणाला, “मी हॉर्न वाजवत होतो त्या दिवशी.” बस, तेवढंच.

खिडकीशी उभं राहून बोलायचं तिला बरं वाटेना, म्हणून ती खोलीत गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मावशीनं सगळं सांगितलं: चार ओळी, क्रेट, डबा मोठा-बारीक कसा केला ते. नमुना करून दाखवल्यासारखे तिचे हातही हलले आणि ते लक्षात आल्यावर तिनं ते मागे बांधले.

दादांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं.

“निघताना आतून आवाज आला होता?”

नाही म्हटलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं. थकलेली बाई, दुखरा गुडघा, नजरचूक. मावशीनं वहिनींच्या हातातल्या अर्ध्या घडीकडे बघितलं.

“आला होता.”

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, “आवाज मलाही रोज येत होता. पण माझा पाय बांधलेला होता, मावशी. तुझा नव्हता.”

“हो, दादा.”

“आणि गाठोबा?”

“त्यांच्याकडेच चाललेय.”

“आधी तिकडे जायला हवं होतंस. माझी द्राक्षं गेलीच होती.” त्यांनी हात केला, जा असा. वहिनी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “चहा विचारत नाही मी आज. राग मानू नकोस.” मावशीला वाटलं, राग मी मानू?

गाठोबाचं घर दोन खोल्यांचं होतं, खाली सायकलवाल्याचं दुकान. जिना चढताना मावशी प्रत्येक पायरीवर थांबली. दार बायकोनं उघडलं. बारीक, चटपटीत बाई, हात पिठाचे. गाठोबा खुर्चीत बसलेला, अंगात धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले, आजाऱ्यासारखा.

“मावशी! ये ये. बस. अगं, चहा टाक.”

“थांबा,” मावशी म्हणाली. “आधी ऐका.”

चौथ्यांदा सांगताना शब्द कमी लागले. गाठोबा ऐकत होता. मग पुढे वाकला, बहिऱ्यासारखा कान पुढे केला. “म्हणजे पक्षी फटीतून आले नाहीत?”

“नाही. आधीपासून आत होते. मी कोंडले. तुमची पिशवी नंतर कधीतरी सरकली असेल. तिचा काही संबंध नाही.”

“आणि तुला हे तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मी फटीत हात घालून बघत होतो, तेव्हा?”

“हो.”

“मी टोपी काढून उभा होतो…”

“तेव्हाही.”

बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी थबकली होती. ती एकदम म्हणाली, “मग त्या गोळ्या?”

“कसल्या गोळ्या?” मावशीनं विचारलं.

“हाताच्या! डॉक्टरकडे नेऊन आणलं मी यांना. आठ दिवस गोळ्या चालल्यात. मी यांना कप भरून देत नाही, अर्धाच देते. सांडतील म्हणून. पातेलं उचलू देत नाही. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. साठीच्या माणसाला लहान मुलासारखं उभं करून!” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, म्हणजे हात बरे आहेत तुमचे?”

“बरे असतील,” गाठोबा म्हणाला. “मुंग्या येतात त्या येतात. त्या तर दहा वर्षांपासून येतात.”

“दाखवा बघू. बटणं काढून लावा.”

“आत्ता?”

“आत्ताच. माझ्यासमोर. आणि हिच्यासमोर.”

गाठोबा उभा राहिला. त्यानं शर्टाची बटणं वरून खाली काढली, सहा बटणं, भराभर. बायकोच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं. मग तो लावायला लागला. पहिलं बटण काजात गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याशी तो थांबला, आपल्याच बोटांकडे बघितलं, बटण काजातून परत बाहेर काढलं आणि पुन्हा घातलं. ते बसलंय का ते ओढून बघितलं. मग चौथं धरायला गेला आणि ते निसटलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं.

बोटं थरथरत होती. आधी नव्हती थरथरत.

“बघ,” तो मावशीला म्हणाला. रागानं नाही, नुसतं दाखवावं तसं. “हे आधी नव्हतं.”

मावशी नकळत पुढे झाली. तिचे हात शर्टाकडे गेले.

“हात लावू नकोस,” गाठोबा म्हणाला. “तू नाही.”

ती जिथल्या तिथे थांबली. बायको ओट्याशी, मावशी खोलीच्या मध्यावर आणि गाठोबा चौथ्या बटणाशी. खाली सायकलवाला कुठल्याशा चाकात हवा भरत होता. मावशीला जिना उतरून निघून जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. जायचं नाही, एवढं तिला कळलं. चौथं बटण कधीतरी गेलं. पाचव्याला अजून जास्त वेळ लागला. सहावं त्यानं दोन्ही हातांनी धरलं, ओठ दाबून, मान खाली घालून, आणि मावशी नजर न हलवता त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिली.